दिवाणखान्यांतील खेळयंत्र

घरांत नवी वस्तु आणणें ही एक गोष्ट, आणि ती घरांत नांदविणें ही दुसरी. पहिलीला पैसा पुरतो. दुसरीला विचार लागतो. शिवणयंत्र, ग्रामोफोन, रेडिओ, दूरदर्शन असे एकामागून एक पाहुणे मध्यमवर्गीय घरांत आले, आणि प्रत्येकानें घरच्या माणसांच्या उठण्याबसण्याच्या जागा व वेळा थोड्याफार बदलल्या. गेल्या कांहीं दशकांत या मालिकेंत आणखी एका पाहुण्याची भर पडली आहे. मुलें त्याला 'कन्सोल' म्हणतात. वडील मंडळी नुसतें 'व्हिडिओ गेम' म्हणून मोकळी होतात. परीक्षेचा निकाल चांगला लागला, मुंज झाली किंवा वाढदिवस जवळ आला, कीं त्याची मागणी पुढें येते, आणि घरांतली चर्चा एकाच प्रश्नाभोंवतीं फिरूं लागते: कोणता घ्यावा? वस्तुतः हा प्रश्न चौथा आहे. त्याच्या आधीं तीन प्रश्न येतात. खेळणार कोण, यंत्र ठेवणार कोठें, आणि थांबावयाचें केव्हां हें ठरविणार कोण? ज्या घराजवळ या तिहींचीं उत्तरें तयार आहेत, त्याला चौथ्याचें उत्तर दुकानदारहि देऊं शकेल.

प्रथम हें यंत्र म्हणजे काय, तें ध्यानांत घेतलें पाहिजे. कन्सोल हा केवळ खेळासाठीं बांधलेला संगणक होय. त्याला बहुधा स्वतःचा पडदा नसतो. चित्र व आवाज तो घरच्या टीव्हीकडून उसना घेतो. खेळणाराच्या हातांत बटणें व दांड्या असलेला कंट्रोलर असतो. बटण दाबलें कीं त्याची वर्दी यंत्राला पोहोंचते, यंत्र नव्या स्थितीचा हिशेब करतें आणि सेकंदाला तीस किंवा साठ वेळां नवें चित्र पडद्यावर पाठवितें. नाटक पाहणारा मनुष्य क्षणभर दुसरीकडे पाहूं शकतो, कारण त्याच्यावांचून नट अडत नाहींत. येथें मात्र पुढचें चित्र पाहणाराच्याच बोटावर अवलंबून असतें. हांक मारली असतां मुलाला ती ऐकूं कां जात नाहीं, याचें निम्में उत्तर या रचनेंतच आहे.

या कल्पनेचा जनक राल्फ बेअर. १९२२ सालीं जर्मनींत एका ज्यू कुटुंबांत जन्मलेले बेअर नाझींच्या अमलांतून निसटून १९३८ सालीं अमेरिकेस आले आणि पुढें इंजिनियर झाले. घरोघरीं टीव्ही आहेत, पण लोक त्यांचा उपयोग केवळ पाहण्याकडे करतात. त्यांच्याशीं खेळतां कां येऊं नये, असा विचार १९६६ सालीं त्यांच्या मनांत आला. त्यांतून १९७२ सालीं 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हें पहिलें घरगुती खेळयंत्र बाजारांत आलें. पडद्यावर दोनचार उजळ ठिपके व एक रेघ, एवढेंच त्याला काढतां येई. आवाज मुळींच नव्हता. मैदान किंवा चक्रव्यूह दिसावा म्हणून पडद्यावर रंगीत पारदर्शक प्लॅस्टिक लावावें लागे. गुण खेळणारांनींच मांडावयाचे. त्यासाठीं पेटींत फांसे, पत्ते आणि खोट्या नोटाहि दिलेल्या असत. आज हें सारें बाळबोध वाटेल. पण त्या यंत्राचा एक गुण विसरण्यासारखा नाहीं. त्यावरील बहुतेक खेळांना दोन माणसें लागत. शेजारीं बसलेला जिवंत भिडू ही या करमणुकीची मूळची अट होती.

घरगुती खेळाचा धंदा खऱ्या अर्थानें वाढविला तो जपानच्या निन्टेन्डोनें. क्योटो शहरांत १८८९ सालीं फुसाजिरो यामाउची यांनीं फुलांचीं चित्रें असलेले 'हानाफुदा' पत्ते बनविण्याचा धंदा सुरू केला. त्याच पेढीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिकॉम' विक्रीस काढला. नांवाचा अर्थ कौटुंबिक संगणक, किंमत १४,८०० येन, आणि रचनाकार मासायुकी उएमुरा. परदेशांत तो निराळ्या नांवानें व रूपानें गेला, आणि एकंदर सहा कोटींहून अधिक यंत्रें खपलीं. भारतांत १९९० नंतरच्या दशकांत ज्या मुलांनीं मिशीवाल्या मारिओला उड्या मारावयास लावलें, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं याच यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत त्या मिळत. खेळाच्या पेटीला मराठी घरांत 'कॅसेट' म्हणत, जरी तिच्यांत फीत नसून एक चिप असे. कॅसेटीवर '९९,९९,९९९ खेळ' असें छापलेलें असे, आणि घरीं येऊन लावली कीं तेच मोजके खेळ नांवें बदलून पुन्हां पुन्हां येत. पेटीवरचा आंकडा आणि पेटींतला माल यांतला हा भेद आजच्या ग्राहकानेंहि विसरूं नये.

त्या नकलांबरोबर एक पिस्तुल येई व त्यानें पडद्यावरचीं बदकें मारतां येत. पिस्तुलांतून कांहींच सुटत नसे. चाप ओढला कीं पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे, आणि नळींतला प्रकाशग्राही भाग तो उजेड दिसला कीं नाहीं एवढेंच पाही. जुना कांचेच्या नळीचा टीव्ही चित्र तत्काळ उमटवी, म्हणून ही युक्ति साधे. आजचा सपाट टीव्ही आलेल्या चित्रावर आधीं संस्कार करतो आणि मग तें दाखवितो. म्हणून तें पिस्तुल त्याच्यापुढें आंधळें ठरतें. ही माहिती केवळ गंमतीची नाहीं. हाच अल्पसा विलंब आजच्या खेळांतहि बाधतो: मुलगा बटण दाबतो आणि पडद्यावरचा गडी उशिरां उडी मारतो. पुष्कळ टीव्हींत यासाठीं 'गेम मोड' नांवाची सोय असते. नवा टीव्ही घेण्याचा हट्ट पुरवण्यापूर्वीं ती चालू करून पाहिली, तर पुष्कळदां खर्च वांचतो.

यंत्र श्रेष्ठ कीं खेळ श्रेष्ठ, याचाहि निकाल इतिहासानेंच दिला आहे. १९८२ सालीं अमेरिकेंत अटारी या प्रबळ कंपनीनें एका गाजलेल्या चित्रपटावरून 'ई. टी.' हा खेळ नाताळाचा मोसम गांठण्यासाठीं सुमारें पांच आठवड्यांत तयार करवून घेतला. मालाचे ढीग दुकानांतून परत आले, आणि १९८३ सालीं न खपलेल्या मालाच्या गाड्याच्या गाड्या न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरल्या गेल्या. २०१४ सालीं तो खड्डा उकरला, तेव्हां त्या कॅसेटी खरोखरच हातीं लागल्या. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट झाल्यामुळें त्या वर्षीं तेथला सगळा धंदाच कोसळला होता. यावरून घरधन्यानें घ्यावयाचा बोध सरळ आहे. आधीं घरांतल्या माणसांना आवडतील असे चार खेळ निवडावे, आणि ते ज्यावर चालतात तें यंत्र घ्यावें. यंत्र आधीं घेऊन मग खेळ शोधणें म्हणजे पेटी-तबला विकत घेऊन नंतर गाणारा शोधणें होय.

आजच्या बाजारांत तीन घराणीं मुख्य आहेत: सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा स्विच. नोव्हेंबर २०२० मध्यें एक्सबॉक्सच्या दोन आवृत्त्या भारतांत आल्या, तेव्हां 'सीरीज एक्स'ची किंमत ४९,९९० रुपये व धाकट्या 'सीरीज एस'ची ३४,९९० रुपये होती. प्लेस्टेशन ५ भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं आला; डिस्क घालतां येणारी आवृत्ति ४९,९९० रुपयांना, न घालतां येणारी ३९,९९० रुपयांना. पुढें किंमती चढल्या. पण या दहा हजारांच्या फरकाचा अर्थ ज्याला कळला, त्याला अर्धी खरेदी कळली. डिस्कवरचा खेळ पुस्तकासारखा असतो. तो मित्राला देतां येतो, खेळून झाल्यावर विकतां येतो, भाच्याच्या हातीं ठेवतां येतो. इंटरनेटवरून उतरवलेला खेळ एका खात्याला बांधलेला राहतो, आणि तो जेथून घेतला तें दुकान कायम उघडें राहील अशी हमी नसते. निन्टेन्डोनें 'वी' या यंत्राचें दुकान जानेवारी २०१९ मध्यें मिटलें, 'थ्रीडीएस' व 'वी यू' यांचें मार्च २०२३ मध्यें. एक्सबॉक्स ३६० चें दुकान जुलै २०२४ मध्यें बंद झालें. ज्या घरांत दोन मुलें, चार चुलतभावंडें आणि देवघेवीचा शेजार आहे, त्याला स्वस्त आवृत्ति शेवटीं महाग पडण्याचाच संभव अधिक.

स्विचची गोष्ट निराळी. ३ मार्च २०१७ रोजीं जगांत आलेलें हें यंत्र हातांत धरूनहि खेळतां येतें आणि टीव्हीला जोडूनहि. लहान मुलें व एकत्र खेळणारीं कुटुंबें यांना सोसतील असे खेळ त्यावर पुष्कळ आहेत. परंतु तें निघालें तेव्हां कंपनीनें भारतांत त्याची अधिकृत विक्री ठेवली नाहीं, आणि लोकांनीं तें आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून किंवा परदेशच्या आप्तांकडून मागविलें. अशी वस्तु घेतांना दुरुस्ती कोण करणार, हें आधींच विचारून ठेवावें. जुनें परदेशी यंत्र कोणी प्रेमानें देऊं केलें, तर मागच्या बाजूवर छापलेला विजेचा दाब वाचल्याशिवाय तें भिंतीला जोडूं नये. अमेरिकेंतील व जपानांतील कित्येक जुनीं यंत्रें कमी दाबाच्या विजेसाठीं केलेलीं असतात. आपल्याकडील २३० व्होल्टांवर तीं क्षणांत जळतात.

यानंतर हिशेब. यंत्राची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. २०२१ च्या सुमारास प्लेस्टेशन ५ च्या मोठ्या नव्या खेळाची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत असे. म्हणजे असे दहा खेळ घेतले कीं दुसरें यंत्रच घेतल्यासारखें झालें. दुसरा कंट्रोलर लागतोच. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या आवृत्तींत ८२५ गिगाबाइट सांठा असला, तरी प्रत्यक्ष वापरास सुमारें ६६७ उरे. एकेक मोठा खेळ शंभराच्या आसपास जागा अडवितो, म्हणून सहासात खेळांत कोठार भरतें. वीज मात्र लोक भितात तितकी लागत नाहीं. मोठें यंत्र जोरांत चालतांना सुमारें २०० वॅट घेतें. रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिटें होतात, टीव्हीचीं निराळीं. वर्षभराचा हा सगळा आंकडा मुलासमोर कागदावर मांडावा आणि त्यालाच बेरीज करावयास सांगावें. वर्षाला तीन खेळ, असा ठराव त्यानें स्वतः केला तर तो पाळला जातो. वडिलांनीं लादला तर प्रत्येक सणाला तो मोडण्याची खटपट होते.

जागेचा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. यंत्र तापतें व पंख्यानें गरम हवा बाहेर टाकतें. म्हणून तें बंद कपाटांत कोंबूं नये, भोंवतीं चार बोटें मोकळी जागा ठेवावी आणि धूळ झाडावी. वीज वारंवार जात असेल, तर खेळ जतन होत असतांना ती गेल्यास कित्येक दिवसांची मजल पुसली जाऊं शकते. इन्व्हर्टरची जोड तेथें उपयोगी पडते. पण याहून महत्त्वाचें हें कीं, यंत्र दिवाणखान्यांतच असावें. मुलाच्या खोलींत गेलें कीं तें केवळ त्याचें होतें, आणि दार लागतें. दिवाणखान्यांत तें आजीच्या कीर्तनाशीं, वडिलांच्या बातम्यांशीं आणि बहिणीच्या मालिकेशीं वाटून घ्यावें लागतें. त्यांत कटकट आहे, हें खरें. पण एकत्र राहण्याचें शिक्षण अशा कटकटींतूनच मिळत असतें.

कोणता खेळ कोणत्या वयाला, याची सोय पेटीवरच केलेली असते. १९९३ सालीं अमेरिकेच्या सिनेटपुढें हिंसक खेळांची चौकशी झाली, आणि तिच्या धाकानें १९९४ सालीं तेथल्या व्यवसायानें वयानुसार प्रतवारी करणारी संस्था स्थापिली. युरोपांत २००३ पासून ३, ७, १२, १६ व १८ असे वयाचे आंकडे पेटीवर छापले जातात. '१८' हा आंकडा खेळ कठीण असल्याची खूण आहे, असें समजून दहा वर्षांच्या मुलाला तो भेट देणारे काका-मामा आहेत. तो आंकडा आंतल्या रक्तपाताचा, शिवीगाळीचा किंवा वयाला न शोभणाऱ्या विषयाचा इशारा असतो. आंकडा वाचावा, आणि शक्य तर पहिला अर्धा तास मुलाशेजारीं बसून खेळ पाहावा. त्या अर्ध्या तासांत पालकाला जें कळतें, तें कोणत्याहि जाहिरातींत नसतें.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न, वेळेचा. एक नेहमींचें उदाहरण घ्यावें. रात्रीं साडेआठला पानें वाढलीं जातात. आई हांक मारते. मुलगा म्हणतो, "पांच मिनिटें." वीस मिनिटें होतात. वडील उठतात आणि भिंतीवरचें बटण बंद करतात. पडदा काळा होतो. मुलगा त्या रात्रीं जेवत नाहीं, आणि चार दिवस वडिलांशीं बोलत नाहीं. वडिलांच्या मतें मुलानें शब्द मोडला. मुलाच्या मतें वडिलांनीं त्याच्याकडून तीन मित्रांना मैदानांत मध्येंच सोडावयास लावलें. दोघेहि खरें बोलत आहेत, आणि म्हणूनच भांडण मिटत नाहीं.

याचें कारण असें कीं, घर घड्याळावर चालतें आणि खेळ डावावर चालतो. इंटरनेटवरून चाललेला सामना मध्येंच थांबवितां येत नाहीं, कारण पलीकडे दुसरीं माणसें असतात. एकट्याच्या खेळांतहि कित्येकदां जतन करण्याची ठरलेली जागा यावी लागते. कबड्डीचा डाव रंगांत असतांना कोणी शिटी वाजवून मैदान मोडलें, तर कोणता गडी हंसत घरीं जाईल? म्हणून नियम डावांत बांधावा: जेवणापूर्वीं दोन सामने, आणि आठ वाजल्यावर नवा सामना सुरू करावयाचा नाहीं. हा नियम खेळ सुरू होण्याआधीं सांगावा. तो मुलानें पाळला तर त्याची नोंद घ्यावी; मोडला तर दुसऱ्या दिवशीं यंत्र लागणार नाहीं, हेंहि आधींच ठरलेलें असावें. बटण बंद करण्याची सत्ता वडिलांपाशीं असतेच. ती जितकी कमी वापरली जाईल, तितकी तिची किंमत राहते.

सरकारांनींहि या प्रश्नांत हात घातला आहे. जपानच्या कागावा प्रांतानें २०२० सालीं अठरा वर्षांखालील मुलांसाठीं शाळेच्या दिवशीं ६० व सुटीच्या दिवशीं ९० मिनिटें अशी मर्यादा सुचविली. शिक्षा मात्र ठेवली नाहीं. चीननें २०२१ सालीं ऑनलाइन खेळ मुलांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार व सणाच्या दिवशीं रात्रीं ८ ते ९ एवढेच मोकळे ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेनें १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगांच्या सूचींत खेळाच्या विकाराचा समावेश केला आहे. पण त्याचीं लक्षणें नीट वाचलीं पाहिजेत. खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक मान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनहि तो चालूच राहणें. हीं तिन्ही, आणि तींहि सामान्यतः बारा महिने. सुटींत चार दिवस खेळांत बुडालेल्या मुलाला रोगी ठरवूं नये. उलटपक्षीं, शाळा, झोप आणि मित्र हीं तिन्ही हळूहळू सुटत चाललीं असतील, तर रागावण्यांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें.

एका धोक्याचा उल्लेख निराळा केला पाहिजे. कित्येक खेळ फुकट मिळतात, आणि आंत गेल्यावर बंद पेट्या विकतात. पेटींत काय आहे तें पैसे दिल्यावर कळतें. बेल्जमनें २०१८ सालीं अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखालीं आणल्या. महाभारतांतील द्यूतसभेंत युधिष्ठिराचें दुर्दैव हेंच होतें कीं, त्याला डाव टाकून उठतां आलें नाहीं. मग चौदा वर्षांच्या मुलाची काय कथा? यंत्राच्या खात्यांत बँकेचें कार्ड सांठवून ठेवूं नये, आणि खरेदीचा परवलीचा शब्द मोठ्यांपाशींच असावा.

इतक्या सूचना ऐकून कोणी म्हणेल, मग हें घरांत आणावेंच कशाला? आणण्यासारखें त्यांत पुष्कळ आहे. २००६ सालीं निघालेल्या 'वी' यंत्रांत हात हलवून टेनिस व बोलिंग खेळतां येई, आणि ज्यांनीं आयुष्यांत कंट्रोलर धरला नव्हता अशीं वृद्ध माणसेंहि नातवंडांपुढें उभीं राहिलीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ जगापुढें ठेवला. भारतीय पुराणकथांच्या जगांत आपल्या भावाला शोधणारी एक मुलगी त्याची नायिका आहे. आपल्या शेजारच्या शहरांतल्या माणसांनीं असा खेळ रचला, हें मुलाला दाखविलें तर खेळणाऱ्या हातांना कधीं तरी रचण्याचीहि इच्छा होईल.

शेवटीं न्यायाची गोष्ट. पुष्कळ घरांत यंत्र मुलाच्या नांवानें येतें, बहिणीच्या हातीं दुसरा कंट्रोलर कधींतरी येतो, आणि आई सगळ्यांना चहा पुरविते. दोन कंट्रोलर घेतले असतील तर त्यांतला एक बहिणीच्या हक्काचा असावा. आणि रविवारीं तासभर वडिलांनीं स्वयंपाकघर सांभाळून आईला खेळावयास बसवावें. ती हरेल, सर्व हंसतील, आणि पुढच्या रविवारीं ती कोणाला तरी हरवील. एक वर्षानंतर घरानें स्वतःला एवढेंच विचारावें: या यंत्रामुळें एका खोलींत बसणारीं माणसें वाढलीं कीं घटलीं? वाढलीं असतील, तर पैसे वसूल झाले. घटलीं असतील, तर दोष यंत्राच्या नांवावर ढकलून न देतां ते पहिले तीन प्रश्न पुन्हां एकदां सर्वांनीं मिळून सोडवावे.